युद्धकालीन विमानांची जपणूक: हमखास होणाऱ्या या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातलं एखादं विमान मोडक्या अवस्थेत शेडमध्ये येतं, तेव्हा ते लवकरात लवकर पुन्हा देखणं व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं. ही ओढ अगदी खरी असते, पण मोठ्या चुका बहुतेक तिच्यातूनच होतात. वाकलेला पत्रा सरळ करता येतो, हरवलेला भाग नव्याने घडवता येतो. पण १९४२ साली कारखान्यात मारलेला रंग एकदा खरवडून टाकला की तो कुणालाही परत आणता येत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी मनाशी पक्कं करा: समोरची मूळ वस्तू हाच इतिहासाचा पुरावा आहे.

कशासाठी करतोय, हे न ठरवणं

विमान उडवायचं आहे, संग्रहालयात मांडायचं आहे, की सापडलं तसंच टिकवायचं आहे? या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवल्याशिवाय एकही बोल्ट सोडवू नका. उडवायचं असेल तर थकलेले बोल्ट, पत्रे जोडणारे जुने रिव्हेट, आतून पोखरलेले पंखांचे मुख्य कणे बदलावेच लागतात. तिथे मूळपणाचा हट्ट जिवावर बेततो. २०१२ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा उडालेल्या मॉस्किटो या ब्रिटिश विमानाचा लाकडी सांगाडा नवे साचे करून नव्याने बांधला होता. प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाच्या थरांतले जुने सांधे इतक्या वर्षांनी हवेत भरवशाचे राहत नाहीत, त्यामुळे तो निर्णय योग्यच होता.

याच्या अगदी उलट उदाहरण हॅलिफॅक्सचं. एप्रिल १९४२ मध्ये टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेलेलं हे बॉम्बफेकी विमान नॉर्वेतल्या गोठलेल्या होकलिंगेन तलावावर उतरलं आणि बर्फ फुटून बुडालं. १९७३ साली ते बाहेर काढलं गेलं. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये ते बऱ्याच अंशी सापडलं त्याच अवस्थेत ठेवलेलं आहे. फाटलेल्या पत्र्यांसकट ते पाहताना त्या रात्रीबद्दल जे कळतं, ते नव्या रंगाखाली कधीच कळलं नसतं. माझं मत स्पष्ट आहे: एखाद्या प्रकारची मोजकीच विमानं उरली असतील, तर उडवण्याचा विचार सोडून द्यावा.

कोणत्या काळातलं रूप द्यायचं, हाही प्रश्न इथेच सुटायला हवा. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर ही अमेरिकन बॉम्बफेकी विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज वेगवेगळ्या देशांत जपलेल्या लिबरेटरपैकी अनेक तिथूनच गेलेली आहेत. अशा विमानाला सरसकट अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचा रंग दिला की त्याची पुढची वीसेक वर्षांची सेवा पुसली जाते. तो रंग द्यायचाच असेल, तर आधीच्या खुणांची पूर्ण नोंद करा आणि शक्य तिथे त्या नव्या रंगाखाली शाबूत ठेवा.

रंग खरवडून टाकणं

सगळ्यात जास्त हानी इथे होते. रंगाचे थर म्हणजे विमानाची सेवापुस्तिका. कोणत्या तुकडीत होतं, कुठे ठिगळ बसलं, वाळवंटी रंग कधी चढला, हे सगळं त्यात असतं. मेम्फिस बेल हे अमेरिकेचं प्रसिद्ध बी-१७ बॉम्बफेकी विमान. १९४३ साली ते देशभर फिरवलं गेलं, तेव्हा भेटायला आलेल्या लोकांनी त्याच्या पत्र्यावर आपापली नावं कोरली. अमेरिकेतल्या डेटनच्या संग्रहालयात जपणुकीचं काम चालू असताना ती नावं उजेडात आली. घाईघाईने रंग काढणारं रसायन ओतून सरसकट घासलं असतं, तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

आधी सहज न दिसणाऱ्या जागी नाण्याएवढा भाग निवडा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोलाकार घासत जा. झाडाच्या वर्तुळांसारखे एकामागून एक थर उघडे पडतील. प्रत्येक थराचा फोटो शेजारी रंगपट्टी ठेवून काढा. रंगाचा सूक्ष्म कपचा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद घेऊन पाहिला, तर डोळ्यांना एक वाटणारा थर दोन-तीन थरांचा निघतो.

कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि पिवळा रंग गडद दिसतो, तर निळा फिकट. फोटोत काळपट दिसणारं वर्तुळ प्रत्यक्षात पिवळंधमक असू शकतं. २०१२ साली इजिप्तच्या वाळवंटात सापडलेलं पी-४० लढाऊ विमान पुढे अल अलामीनच्या संग्रहालयात नेलं गेलं. तिथे त्यावर चढवलेल्या भडक आणि चुकीच्या रंगांवर जाणकारांनी कडाडून टीका केली. सत्तर वर्षं वाळूने आणि उन्हाने घडवलेला पृष्ठभाग होता तो. तो गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धातूचं दुखणं चुकीचं ओळखणं

लोखंडाचा गंज तांबडा दिसतो, म्हणून चटकन कळतो. ॲल्युमिनियमचा गंज पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतो आणि धूळ समजून पुसला जातो. लक्षणं वाचायला शिका. रिव्हेटच्या भोवती पांढरी पूड दिसली, तर सांध्यात ओल शिरली आहे. रिव्हेटमागे काळा ओघळ असेल, तर तो सैल होऊन हलतोय. दोन रिव्हेटमधला पत्रा उशीसारखा फुगला असेल, तर दोन थरांच्या मध्ये गंज साठून तो पत्र्याला बाहेर ढकलतोय. वरून रंग मारून हे झाकलं, तर आतली झीज चालूच राहते. रंगाखाली किड्याच्या वाटेसारख्या नागमोडी रेघा दिसल्या, तर तोही गंजच आहे.

चकाकी आणण्याच्या नादात होणारं नुकसान याहून वाईट. त्या काळच्या बऱ्याच विमानांच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ संरक्षक थर असतो, दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण २.५ ते ५ टक्के. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर तो फार तर ०.०५ मिलिमीटर भरतो. यंत्रावर पॉलिश करत राहिलं की तो निघून जातो आणि आतला तांबं मिसळलेला, लवकर गंजणारा मिश्रधातू उघडा पडतो. वाळूचा मारा तर करूच नका. स्टील वूलसुद्धा टाळा. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल लागली की प्रत्येक कणाभोवती झीज सुरू होते. याच कारणाने ॲल्युमिनियममध्ये साधा स्टीलचा बोल्ट उघडा बसवू नये. कॅडमियमचा मुलामा, प्रायमर किंवा सीलंट यांपैकी काहीतरी मध्ये हवंच.

समुद्रातून काढलेल्या विमानाचं प्रकरण निराळं. खारं पाणी पत्र्याच्या रंध्रांत मुरलेलं असतं. विमान तसंच सुकू दिलं तर वर्षानुवर्षं पाण्याखाली टिकलेला पत्रा हवेत झपाट्याने खचतो. जून २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतल्या गुडविन सँड्समधून डॉर्निए १७ हे जर्मन बॉम्बफेकी विमान पाण्याबाहेर काढलं. मग त्याचे भाग इंग्लंडमधल्या कॉसफर्डला बोगद्यासारख्या झाकलेल्या मांडवांमध्ये ठेवून त्यांवर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे फवारे दीर्घकाळ मारले गेले. अशी सोय आधी तयार नसेल, तर विमान पाण्यातच राहू द्यावं.

कॉकपिटमध्ये बेसावध शिरणं

उपकरणांच्या काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा रंग अंधारात चमकत नाही, म्हणून तो निरुपद्रवी झाला असं समजू नका. चमकणारं झिंक सल्फाइड थकतं, पण त्यातल्या रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच फुटलेली उपकरणं उघडू नका, रंग खरवडू नका, किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र घेऊनच आत जा. हिरवट-पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर कोरडा घासला तर त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरू शकते. इंजिनाजवळच्या पडद्यांत आणि गुंडाळ्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. बेवारस अवशेषात जिवंत दारूगोळा नाही, हे तज्ज्ञांकडून तपासून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये.

कॅनोपीचं, म्हणजे वैमानिकावरच्या झाकणाचं, पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लास्टिक पेट्रोलने, थिनरने किंवा अमोनियाच्या काचक्लीनरने पुसू नका. त्यात बारीक भेगांचं जाळं उमटतं. भरपूर पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरतं.

इंजिन जोराने फिरवणं

सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या इंजिनात तेल हळूहळू खालच्या सिलिंडरांत उतरतं. द्रव दाबला जात नाही. स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो पुढे कधीतरी चालत्या इंजिनात तुटतो. प्रोपेलर हाताने फिरवताना अडला, तर खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्या. उलटा फिरवून अडथळा सोडवू नका, कारण तेल इनटेक पाइपांत जातं आणि इंजिन सुरू होताच परत सिलिंडरमध्ये येतं. आणखी एक गोष्ट: मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारा संच, बंद करायचा म्हणजे त्याची तार इंजिनाच्या धातूच्या अंगाशी (अर्थ) जोडायची. ती जुनी तार तुटलेली असेल, तर स्विच बंद दिसत असूनही इंजिन पेटू शकतं. त्यामुळे प्रोपेलर नेहमी जिवंत समजूनच हात लावा.

हायड्रॉलिकमध्ये हाताला लागेल ते तेल भरू नका. नैसर्गिक रबराचे सील वनस्पतिजन्य तेलासाठी बनवलेले असतात. खनिज तेलात ते फुगून निकामी होतात.

उघड्यावर ठेवून निश्चिंत होणं

मेम्फिस बेल कित्येक दशकं उघड्यावर उभं होतं. त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षांच्या कामात मोजावी लागली. शेड नसेल, तर निदान पोटाखालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, पक्ष्यांची घरटी काढत राहा आणि वजन टायरांवरून काढून आधारांवर घ्या. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. तिच्याखाली बाष्प कोंडतं आणि उघड्यावर असतं त्याहून लवकर गंज चढतो.

मोसम संपायच्या धास्तीने घाई करणं

की बर्ड हे बी-२९ विमान १९४७ पासून ग्रीनलंडमध्ये अडकलेलं होतं. ते तिथेच दुरुस्त करून उडवत आणायचा प्रयत्न झाला. मे १९९५ मध्ये ते धावायला लागलं, सहायक वीजसंचाच्या तात्पुरत्या टाकीतून पेट्रोल गळलं आणि जवळजवळ सगळं विमान जळून गेलं. जुन्या विमानातली प्रत्येक तात्पुरती जोडणी इंजिन सुरू करण्याआधी काढा किंवा पक्की करा, मग मोसम हुकला तरी चालेल.

नोंदी न ठेवणं

बदललेला मूळ भाग भंगारात देऊ नका. त्याला चिठ्ठी बांधा: कुठून काढला, कधी, कुणी आणि का. सुटा करण्याआधी आणि नंतर फोटो घ्या. नव्याने बनवलेल्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूला तारीख आणि ‘नवीन’ असा ठसा मारा, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे विचारायला कुणी शिल्लक नसलं तरी अडणार नाही.