लूगरचा निळा रंग: मूळचा की मागाहून चढवलेला?

अमेरिकेतल्या एका लिलावघरात जुन्या शस्त्रांच्या नोंदी करायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडलो. 1917 सालची लूगर पी-08 (जर्मन सैन्याचं पिस्तूल) समोर आली होती, डीडब्ल्यूएम या जर्मन कंपनीच्या कारखान्यातली. आरशासारखी लखलखीत. मी कार्डावर बिनधास्त लिहिलं: ‘मूळ फिनिश, 95 टक्के.’ साहेबांनी ती खिडकीपाशी नेली आणि एवढंच विचारलं, "ट्रिगर पिवळा का नाही?"

त्या काळी लूगरचा ट्रिगर, सेफ्टीची कळ, मॅगझिनचं बटण असे बारीक भाग तापवून वाळल्या गवतासारखे पिवळसर केलेले असत. बाकीचं अंग सावकाश गंज चढवून निळं करत. पुढे लूगर बनवणाऱ्या माउझर कंपनीने 1937 च्या सुमारास गरम क्षारांत बुडवून रंग द्यायला सुरुवात केली, तेव्हा हे भागही निळे झाले. म्हणजे 1917 च्या पिस्तुलाचा ट्रिगर निळा असेल, तर कोणीतरी ते नंतर रंगवलंय.

म्हणून नवख्यांनी आधी चमक बघूच नये. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, मॅगझिन काढा आणि मुठीच्या आत टॉर्च मारा. जुन्या पद्धतीत निळा रंग आत थोडाच उतरून वेडावाकडा थांबतो, पुढे उघडं पोलाद दिसतं. आत तळापर्यंत एकसारखा रंग असेल तर अख्खी फ्रेम बुडवलेली आहे. सेफ्टीच्या कळेखाली ‘गेझिशर्ट’ (जर्मनमध्ये ‘सुरक्षित’) हा शब्द कोरलेली जागाही पांढरीच, म्हणजे बिनरंगाची हवी.

मग तिरक्या उजेडात कडा बघा. पॉलिशच्या चाकाने त्या गोल होतात, पिनांच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात, शिक्क्यातल्या गरुडाची पिसं पुसट होतात. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी चकचकीत निळा रंग दिसला, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. पितळी भांड्याला कल्हई केली तरी पोचे लपत नाहीत, तसंच हे. उलट नळीच्या टोकाला होल्स्टरच्या घासणीने उडालेला रंग, मुठीवर घामाने आलेली तपकिरी झाक, हे मला तरी लखलखाटापेक्षा आवडतं.

पण प्रत्येक नवा रंग म्हणजे लबाडी नव्हे. अमेरिकन सैन्याने आपली ‘1911’ मॉडेलची पिस्तुलं शस्त्रागारांत पुन्हा बांधून राखाडी पार्कराइझ केली, म्हणजे त्यांच्यावर फॉस्फेटचा थर चढवला; काहींवर रॉक आयलंड शस्त्रागाराचा ‘आरआयए’ शिक्का असतो. तोही त्या पिस्तुलाचा इतिहासच. तिथे ‘शस्त्रागारात दुरुस्त’ असं स्पष्ट लिहावं.

माझं कार्ड बदललं. पिस्तुलाच्या मालकांना फोन केला तर ते भडकले: "वडिलांनी आणलं तेव्हापासून कपाटात तसंच आहे!" दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. आईला विचारलं होतं. लग्नाआधी बाबांनी ते एकदा चमकवून आणलं होतं म्हणे.