‘पीफास’ आणि घरातील पाणी: या चुका टाळा

‘पीफास’ या गटातील हजारो कृत्रिम रसायनांमध्ये कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका मजबूत असतो की ऊन, पाणी किंवा जिवाणू यांना तो सहजासहजी तोडता येत नाही. पीएफओएसारखे या गटातील रसायन रक्तात उतरले, तर त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षे लागतात. तरीही घरोघरी त्यांच्यावर उपाय केले जातात ते जंतू आणि क्षार यांच्यासाठीचे, आणि गफलत तेथेच होते.

पाणी उकळणे ही सर्वांत सामान्य चूक. उकळल्याने जंतू मरतात. पीफास मात्र तसेच राहतात आणि पाणी आटेल तसे त्यांचे प्रमाण वाढतच जाते.

टीडीएस मीटरवर विसंबणे ही चूक अधिक फसवी आहे, कारण तेथे आकडा दिसतो. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज मिलिग्रॅममध्ये देतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये पीएफओए आणि त्याच गटातील पीएफओएस यांच्यासाठी प्रत्येकी ठरवलेली मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम आहे, आणि एका मिलिग्रॅममध्ये १० लाख नॅनोग्रॅम असतात. इतके सूक्ष्म प्रमाण प्रयोगशाळेतील मास स्पेक्ट्रोमेट्रीच (रेणूंचे वस्तुमान मोजून त्यांना ओळखणारी पद्धत) पकडू शकते.

सक्रिय कोळशाचा फिल्टर उपयोगी पडतो, पण तो वेळेवर बदलला तरच. कोळसा भरून गेला की पीफास सरळ पुढे जातात, आणि लहान साखळीचे (कमी कार्बन अणू असलेले) रेणू तर आधीच निसटू लागतात. आरओचे पटल लांब आणि लहान साखळीचे दोन्ही प्रकार बऱ्याच अंशी अडवते. मात्र त्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात हीच रसायने अधिक दाट असतात, त्यामुळे ते पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नये.

नॉनस्टिक भांड्यावरचा ‘पीएफओए-मुक्त’ हा शिक्का पाहून निश्चिंत होणेही घाईचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला मानवासाठी कर्करोगकारक ठरवले, हे खरे. पण शिक्का फक्त त्या एका रसायनाविषयी बोलतो, त्याच्या जागी आलेल्या त्याच कुळातील दुसऱ्याविषयी नाही. (नॉनस्टिक तव्याबाबत मोठा धोका रिकामा तवा तापवण्याचा: सुमारे २६० अंश सेल्सियसच्या पुढे लेप विघटित होऊ लागतो.)

शेवटी रक्ततपासणी. तिच्यातून शरीरातील प्रमाण कळते, आजाराचे निदान होत नाही. कोलेस्टेरॉलवाढ, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि लसींना मिळणारा कमी प्रतिसाद यांच्याशी पीफासचा संबंध आढळला असला, तरी केवळ अहवालातील आकडा पाहून स्तनपान थांबवू नये. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.