बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय आणि खाली तुमचं दुकान आहे? मग आधी दर्शनी रुंदी वाचवा

गिरगावात आमचं बटणं, लेस, अस्तराचं दुकान आहे, पागडीचं, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यावर कायमचं घेतलेलं, सासऱ्यांनी सुरू केलेलं. आमची बिल्डिंग पाडून नवी झाली, त्यानंतर आसपासच्या सात-आठ दुकानदारांच्या करारांच्या वेळी मी सोबत बसलेय आणि दरवेळी तेच ऐकते, "स्क्वेअर फूट किती आणि काम चालू असताना बिल्डर भाडं किती देणार तेवढं बघा, बाकी होतं मागाहून." वर राहणाऱ्यांचं यात निभावतं, दुकानदार मात्र यातच बुडतो.

मी बोलतेय ते मुंबई शहरातल्या सेसवाल्या जुन्या बिल्डिंगींबद्दल, म्हणजे ज्या म्हाडाला दुरुस्तीचा कर भरतात आणि विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली नव्याने बांधल्या जातात.

कागद आधी. भाडेपावती, लाइट बिल, गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) सगळं एकाच नावावर आणा. महापालिकेच्या असेसमेंट खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे दुकान कधीपासून कोणाच्या नावावर आहे याचा पालिकेच्या नोंदीतला उतारा, काढून ठेवा, कारण १३ जून १९९६ नंतर नव्याने घातलेले भाडेकरू या योजनेत धरत नाहीत.

मग संमती. ५१ टक्के भाडेकरूंनी सही केली की गाडी पुढे सरकते, आणि वर पंचवीस खोल्या, खाली चार दुकानं असली की तुमच्याशिवायही ५१ होतात, हे डोक्यात ठेवा. म्हणून चारही दुकानदारांनी मिळून एकच पत्र द्यायचं, तेही सुरुवातीलाच. एकेकट्याने बिल्डरच्या ऑफिसात जाऊ नका.

मोजणी. राहणाऱ्याची खोली १२० फुटांची असली तरी त्याला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मिळतं. दुकानाला तसं नाही, जेवढं होतं तेवढंच. भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ म्हाडाचं दुरुस्ती मंडळ प्रमाणित करतं, तिथे आकडा चुकला की पुढे सगळीकडे तोच चालतो. दुकानातला पोटमाळा जुन्या रेकॉर्डवर असेल तर त्याचा कागद मोजणीच्या दिवशीच पुढे करा.

आता खरं दुखणं. आमचं दुकान १० फूट रुंद, १६ फूट खोल, म्हणजे १६० चौरस फूट. करारात लिहिलं होतं "तळमजल्यावर १६० चौरस फुटांचं दुकान", मी वाचलं, आकडा बरोबर होता, सही केली. प्लॅन हातात आला तेव्हा दुकान ७ फूट रुंद आणि जवळजवळ २३ फूट खोल, वर शटरच्या तोंडाशी दीड फुटाचा पिलर, म्हणजे गिऱ्हाइकाला आत यायला साडेपाच फूट, आणि फुटपाथपासून तीन पायऱ्या वर. क्षेत्रफळात कणभर कमी नाही, त्यामुळे तक्रार कशाची करणार? लेस घ्यायला येणारी बाई रस्त्यावरून रंग बघून थांबते, तिला २३ फूट आत काय आहे ते दिसतच नाही. अकरा महिने चकरा मारल्या, शेजारची मीटर रूम हलवून घेतली तेव्हा ९ फूट मिळाले, पिलर आहे तिथेच राहिला. ते अकरा महिने मी अजून विसरलेले नाही.

म्हणून सांगते, करारात हे लिहून घेतल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही: शटरची मोकळी रुंदी फूट-इंचात, पिलर सोडून. दुकान कुठल्या रस्त्याला तोंड करून आहे. फुटपाथपासून उंची किती, पायऱ्या किती. छताची उंची. बोर्ड लावायची जागा. आणि प्लॅनवर तुमचं दुकान लाल रंगाने दाखवून त्यावर दोघांच्या सह्या, तो प्लॅन कराराला जोडलेला, लेखी संमतीशिवाय त्यात बदल नाही असं कलम, आणि करार रजिस्टर केलेला. "नंतर अ‍ॅडजस्ट करू" हे वाक्य ऐकलं की उठून या. पिलर कुठे येणार हे आर्किटेक्टच्या टेबलावर ठरतं, म्हणून आयओडी, म्हणजे महापालिकेची बांधकामाची पहिली मंजुरी, निघायच्या आधी तिथे जाऊन बसा, पाया खणल्यावर कोणी हलवत नाही. भेंडी बाजारसारखी क्लस्टर योजना, म्हणजे अनेक बिल्डिंगी एकत्र पाडून बांधणं, असेल, जिथे साडेसोळा एकरात जुन्या गल्ल्याच नव्याने आखल्या गेल्या, तर रस्त्याचं कलम दुप्पट महत्त्वाचं.

"बिल्डिंग पाडली की तुमचा हक्क संपतो" असं कोणी घाबरवलं तर ऐकू नका, बांधकाम पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. तरीही शटर ओढायच्या आधी स्वतःच्या सर्व्हेअरकडून माप, फोटो, व्हिडिओ करून ठेवा.

तात्पुरती जागा त्याच गल्लीत घ्या, निम्मी असली तरी चालेल, दोन स्टेशनं पलीकडची मोठी नको. बिल्डरकडून त्याचं भाडं वर्षाचं आगाऊ, पुढचे चेक हातात, मगच जुन्या दुकानाची चावी द्या. जीएसटीवर पत्ता १५ दिवसांत बदला, गुमास्त्यावरही. साइटच्या पत्र्यावर "दुकान इथे हललंय" असा मोठा बोर्ड लावू द्यायचं हेही करारातच घाला.

ताबा घ्यायला जाताना टेप घेऊन जा. शटर आधी मोजा, कमी भरलं तर ताबापावतीवर स्वतःच्या हाताने किती कमी ते लिहा आणि मग सही करा.