खोटेपणाचं ओझं उतरवताना

बराचसा ताण खोटं सांभाळण्याचा असतो. कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. बायबलमधलं नीतिसूत्रे १०:९ हेच सांगतं: सरळ चालणारा निर्धास्त चालतो.

सुरुवात कागदावर करा. लपवलेली गोष्ट, न पाळलेला शब्द, बुडवलेलं देणं, आणि प्रत्येकासमोर त्या माणसाचं नाव. आधी प्रार्थनेत कबुली द्या, मग त्या माणसाकडे जा. मत्तय ५:२३-२४ मध्ये तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला सांगितलंय. बहुतेक जण इथेच अडकतात: देवाची क्षमा मागितली की काम झालं असं धरतात, आणि त्या माणसाला टाळणं चालूच राहतं. भेटल्यावर "पण तुम्हीसुद्धा..." म्हणू नका, माफी तिथेच वाया जाते. पैशांचं देणं असेल तर लेवीय ६:५ प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १,००० चे १,२००. कबुलीने तिसऱ्याचं गुपित फुटणार असेल, तर आधी पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोला.

पुढे शब्द देताना मत्तय ५:३७: हो तर हो, नाही तर नाही. खात्री नसेल तर "उद्या सांगतो" म्हणा, आणि उद्या सांगाच.

भीती उरलीच तर फिलिप्पैकरांस ४:६ प्रमाणे ती नेमकी नाव घेऊन प्रार्थनेत मांडा. झोप कित्येक आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. तो अविश्वास नव्हे.