पाइपचा हूप स्ट्रेन बघताय? या चुका टाळा

हूप स्ट्रेन म्हणजे पाइपच्या घेराच्या दिशेने मटेरियल किती ताणलं गेलं ते. आता फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये गोल पाइप, आत सगळीकडे सारखं प्रेशर, आणि स्ट्रेनच्या कंटूरमध्ये (रंगीत नकाशात) गोल फिरत लाल-निळे-लाल-निळे चट्टे. असं दिसलं की आपण आधी मेशवर (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांच्या जाळीवर) संशय घेतो, मग बाउंडरी कंडिशन (आधार, लोड) उडवून परत लावतो, आणि अर्धा दिवस घालवल्यावर कळतं की मॉडेल ठीकच होतं, आपण ग्लोबल (पाइपसोबत न वळणाऱ्या, सगळीकडे एकच असलेल्या) एक्स दिशेचा स्ट्रेन बघत बसलो होतो.

हाताने हिशोब करून बघा. स्टीलचा पाइप, सरासरी त्रिज्या 100 मिमी, जाडी 5 मिमी, प्रेशर 10 एमपीए, टोकं बंद. ई (यंग्स मॉड्युलस) 200 जीपीए आणि पॉइसन रेशो 0.3 धरला तर टोकांपासून लांब हूप स्ट्रेन 850 मायक्रोस्ट्रेन (दशलक्षांश), अ‍ॅक्सियल (पाइपच्या लांबीच्या दिशेचा) 200, रेडियल (जाडीच्या दिशेचा) बाहेरच्या बाजूला साधारण उणे 450. पाइपच्या गोल छेदात घड्याळाच्या 3 च्या जागी ग्लोबल एक्स म्हणजे रेडियल, 12 च्या जागी तोच एक्स हूप होतो, झाले चट्टे. 45 अंशावर तर 200 येतो, बरोब्बर अ‍ॅक्सियलएवढा, तिथे प्रोब (एका बिंदूवरचं रीडिंग) लावला तर फसलातच!

अ‍ॅन्सिस मेकॅनिकलमध्ये सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट सिस्टीम (पाइपच्या अक्षाभोवती फिरणाऱ्या दिशांची) बनवायची आणि रिझल्टच्या डिटेल्समध्ये ती निवडायचीच नाही. निवडली तरी नावं एक्स, वाय, झेडच राहतात हां, आता एक्स म्हणजे रेडियल, वाय म्हणजे हूप, झेड म्हणजे अ‍ॅक्सियल. झेड पाइपच्या अक्षावरच हवा आणि ओरिजिनही त्याच अक्षावर, पाइप एक्सच्या दिशेने काढलेला असेल तर सिस्टीम फिरवून घ्या.

एपीडीएलवाले (अ‍ॅन्सिसची कमांड भाषा वापरणारे) सीएसवायएस,1 देतात आणि रिझल्ट का बदलत नाही म्हणून डोकं खाजवतात. अहो, रिझल्टसाठी आरएसवायएस,1 लागतं.

अबॅकसमध्ये रिझल्ट ऑप्शन्समधल्या ट्रान्सफॉर्मेशन टॅबमध्ये आपली सिस्टीम निवडायची, मग ई22 (दुसऱ्या दिशेचा स्ट्रेन) म्हणजे हूप. पण मॉडेल अ‍ॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती फिरवलेला एकच छेद) असेल तर ट्रान्सफॉर्मेशनची भानगडच नाही, तिथे ई33 हाच हूप.

प्रिन्सिपल किंवा व्हॉन मायसेस स्ट्रेन सिस्टीम बदलून बदलत नाही, त्यामुळे तो तसाच दिसला म्हणून सेटिंग लागलं नाही असं समजून परत पहिल्यापासून सुरू करू नका.