दोन साप, एक डबा: या चुका टाळा

पहिल्या पावसाने बिळांत पाणी शिरलं की आमच्या यवतमाळकडच्या गावांत सर्पमित्राचा फोन थांबत नाही. कोठ्यात एक, न्हाणीत एक, चुलीमागं एक. बरणी मात्र एकच. मग 'रात्रीपुरते राहतील सोबत' असं वाटतं. मीही ते केलंय.

सगळ्यात जुनी चूक नाग-धामणीची. "भाऊ, राहू द्या ना संगं, नवरा-बायको हायेत थे," असं सांगणारे काका प्रत्येक गावात भेटतात. धामण ही वेगळीच जात, तिच्यात नरही असतात आणि माद्याही. उलट नाग धामणीला खातो. बांधावर पिळा घालून उभे राहिलेले दोन साप दिसले, तर ते बहुतेकदा जोडपं नसतं. दोन नर ताकद अजमावत असतात. डब्यात हरणाऱ्याला पळायला जागा कुठली?

माझी चूक कवड्याची, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या बिनविषारी सापाची. दोन बारके साप, दोन्ही कवडे समजून एका बरणीत टाकले. सकाळी एकच दिसला, त्याच्या तोंडातून बोटभर शेपूट बाहेर. तो जहाल विषारी मण्यार होता, आणि साप हेच मण्यारचं आवडतं खाणं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारचे मानेजवळ पुसट, शेपटीकडे ठळक आणि बरेचदा जोडीजोडीने. हे लांबूनच बघायचं, हातात घेऊन नाही. असं गिळणं सुरू दिसलं तर ओढू नका. दात आत वळलेले असतात, दोघंही फाटतात. बरणी अंधारात, गडबडीपासून दूर ठेवा.

आपल्याकडचे साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. परदेशी बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर, केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करून पाळणारे आता तालुक्यातही निघालेत. एकाच आडोशाला दोन साप बिलगून बसले की पाळणाऱ्यांना ते प्रेम वाटतं. जागा उबदार तेवढी एकच असते, दांडगा ती धरतो, दुसरा खाणं सोडतो. उलटी दिसली तर कोणाची ते कळत नाही, एकाचे गोचीड दुसऱ्यावर चढतात. एका उंदरावर दोघांनी तोंड घातलं तर एक दुसऱ्यालाही गिळू शकतो. पेट्या दोनच हव्यात.

आम्हा सर्पमित्रांसाठी उपाय स्वस्त आहे. प्रत्येक सापाला सुती उशीची खोळ, तोंड घट्ट बांधून, झाकणाला भोकं असलेल्या वेगळ्या बादलीत. बादली टिनाखाली नको, उन्हात डब्यातला साप अर्ध्या तासातही मरतो. वनविभागाला १९२६ वर कळवा, त्याच दिवशी सोडा.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर जाड परड, म्हणजे घोणस, सापडली तर ती एकटी असली तरी भोकं बारीकच पाडा. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीससुद्धा, आणि जन्मल्या दिवसापासून ती विषारी असतात.