पेलेटची तयारी: एअर रायफल नव्याने हाती घेतलेल्यांसाठी

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला ज्या प्रकारात जगज्जेता झाला, त्या १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो. गुणातला एक दशांश म्हणजे ०.२५ मिलिमीटर. दर शॉटला एकच दशांश निसटला, तरी ६० शॉट्समध्ये सहा गुण जातात. म्हणून पोझिशन, म्हणजे उभं राहण्याची ढब, थोडी स्थिरावली की पेलेटकडे, म्हणजे रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळीकडे, लगेच लक्ष द्या.

आधी डबा वाचा. कॅलिबर (व्यास) ४.५ मिलिमीटर, वजन साधारण ०.५३ ग्रॅम, डोकं सपाट. डोकं सपाट असल्याशिवाय कागदावर स्वच्छ गोल भोक पडत नाही. मग हेड साइज, म्हणजे डोक्याचा नेमका व्यास, पाहा: ४.४९, ४.५० मिलिमीटर वगैरे. यातला कुठलाच आकडा मुळात चांगला किंवा वाईट नसतो. निवड तुमची बॅरल (रायफलची नळी) करते. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळी पेलेट मानवते, त्यामुळे मित्राची शिफारस ऐका, पण डझनभर डबे घेऊन टाकू नका.

दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा आणा आणि प्रशिक्षकांना विचारून रायफल क्लॅम्पमध्ये बसवा. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवा. खांद्यावरून चाचणी घेतलीत तर पेलेटची चूक कुठली आणि हाताची कुठली, हे नवख्याला कळणारच नाही. बॅरल नुकतीच साफ केली असेल तर सुरुवातीचे काही शॉट्स मोजू नका. प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉट्स वेगळ्या कागदावर घ्या, ग्रुप (भोकांचा पुंजका) व्हर्नियरने मोजा, कागदावर डब्यावरचा बॅच नंबर लिहा आणि कागद जपून ठेवा. जो ग्रुप सर्वांत घट्ट, त्याच बॅचचे परवडतील तेवढे डबे एकदम घ्या. नाव तेच, पण बॅच बदलली तर चाचणी पुन्हा करावी लागते.

वजन करण्याच्या नादी नवख्यांनी फार लागू नये, असं माझं ठाम मत आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजणारा खिशातला वजनकाटा इथे उपयोगाचा नाही. त्याचा एक टप्पा म्हणजे पेलेटच्या वजनाच्या जवळजवळ दोन टक्के. त्यापेक्षा चांगल्या उजेडात स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पातळ कड, तपासा. शिसं मऊ असतं, प्रवासात डबा आपटला तरी कडा दबते. दबलेली, चरे पडलेली किंवा जमिनीवर पडलेली पेलेट सरावालाही वापरू नका. डबा कधी खळखळ हलवू नका आणि हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी निवडलेल्या पेलेट्स ट्रेमध्ये मांडा. मोजणीचे ६० शॉट्स, त्याआधीच्या १५ मिनिटांतले हवे तितके सायटर (न मोजले जाणारे अंदाजाचे शॉट्स) आणि वर थोड्या जास्तीच्या, अशा सव्वाशेच्या आसपास, सगळ्या एकाच बॅचच्या.